शोभेचं गवत, विकायचं गवत: ठाणे जिल्ह्याच्या इतिहासातली एक विसरलेली बाजू

"पीएचडी कशावर?" या प्रश्नाला मी "गवतावर" असं उत्तर दिलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "बॉटनी का?" नाही, इतिहास. गवताला इतिहास असतो का? ठाणे जिल्ह्यात तर भरपूर आहे, आणि त्यात गोळीबारसुद्धा आहे. पण गेल्या काही महिन्यांत या ब्लॉगवर आणि बाहेरही मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न वेगळाच आहे: बाल्कनीत फाउंटन ग्रास लावलंय, पावसाळ्यात कुजतंय, काय करू? सोसायटीच्या बागेत पॅम्पास लावायचं म्हणतायत, जगेल का? सुरुवातीला मी हे प्रश्न बाजूला ठेवत होते. नंतर लक्षात आलं की त्यांची उत्तरं माझ्या विषयातूनच जातात. म्हणून ही पोस्ट.

आधी शब्दाकडे बघू. गवत शोभेसाठी लावायचं, ही कल्पना आपल्याकडे बरीच अलीकडची. म्हणजे गवत अंगणात नव्हतं असं नाही. दूर्वा होत्या, दर्भ होता, गवती चहाचा ठोंब तर कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या चाळींच्या मोरीच्या पाण्यावरसुद्धा माजायचा. उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे आणि माठात वाळ्याची जुडी, तेही गवतच. खानदेशात रोशा गवताचं तेल काढून परदेशी पाठवायचा मोठा धंदा होता. या सगळ्यांत काय सारखं आहे बघा: दूर्वा-दर्भ पूजेसाठी, बाकीचं वासासाठी. आपल्या परंपरेत जवळ केलेलं गवत नाकाला सुखावणारं होतं. डोळ्यांसाठी गवत लावायचं, ते वाऱ्यावर डुलताना बघत चहा प्यायचा, ही सवय बाहेरून आली आणि तीही दोन टप्प्यांत. पहिल्यांदा लॉन आलं, आणि अगदी आता-आता तुऱ्यांची गवतं.

लॉनची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती इतरत्र भरपूर वाचायला मिळते. इंग्लंडमध्ये बड्या जमीनदारांच्या घरापुढची आखूड हिरवळ ही मुळात मेंढ्या आणि विळेवाले मजूर यांच्या जिवावर होती. १८३० मध्ये एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याला ही कल्पना लोकरीच्या गिरणीत सुचली. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी छाटणारं फिरतं पातं असायचं, तेच त्याने जमिनीवर चालवलं. (ठाण्याची ओळख कित्येक वर्षं लोकरीच्या गिरणीवरून होती, आणि आज त्याच गिरणीच्या जमिनीवर लॉनवाली संकुलं उभी आहेत. योगायोग आहे, पण मला आवडतो.) यंत्रामुळे हिरवळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, आणि साहेबाबरोबर ती इथल्या बंगल्यांपुढे, जिमखान्यांवर, कलेक्टर कचेरीसमोर आली.

पण इथे विलायती गवत टिकेना. उन्हाळा आणि आपला पाऊस, दोन्ही त्याला झेपत नाहीत. त्यामुळे साहेबाच्या लॉनसाठीही शेवटी इथलीच हरळी उपयोगी पडली. म्हणजे ज्या हरळीला देशावरचा शेतकरी शिव्या देत खणून काढतो आणि जिच्या कोवळ्या पात्या आपण गणपतीला वाहतो, तीच लॉन झाली. आज नर्सरीत 'सिलेक्शन वन' नावाने जे लॉन मिळतं ते हरळीचंच निवडलेलं वाण. वनस्पतिशास्त्रात सायनोडॉन डॅक्टिलॉन, अमेरिकेत बर्म्युडा ग्रास. 'कोरियन कार्पेट' मात्र वेगळं आहे. ते झोयसिया, पूर्व आशियातलं.

आता मूळ मुद्दा. बंगल्यापुढे गवत असं सजत होतं त्याच काळात ठाणे जिल्ह्यात गवत हे विकायचं पीक होत होतं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. त्या रुळांवरून मुंबईला काय गेलं, हे कमी लोकांना माहीत असतं. तांदूळ, लाकूड, मीठ, आणि गवत. मुंबई हे तेव्हा घोड्यांचं शहर होतं. व्हिक्टोरिया, खासगी बग्ग्या, फौजेचे घोडे, शिवाय मालवाहू बैलगाड्या आणि तबेल्यांतल्या म्हशी. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती बंद व्हायच्या सुमारास एकट्या ट्राम कंपनीकडे हजाराच्या वर घोडे होते. कामाचा एक घोडा दिवसाला साधारण सात-आठ किलो वाळलेलं गवत खातो. तुम्हीच गुणाकार करा: फक्त ट्रामच्या घोड्यांना रोज सात-आठ टन. आज पेट्रोल पंप दिसतात तसं तेव्हा शहराचं इंधन गवताच्या वखारींत रचलेलं असायचं.

हे गवत यायचं कुठून? मुख्यतः ठाणे जिल्ह्यातून, म्हणजे आजचा पालघरही धरून. इथली जमीन दोन प्रकारची. खाली सखल भागात भाताची खाचरं, आणि वरच्या उताराच्या, मुरमाड, पातळ मातीच्या जमिनी, त्यांना 'वरकस' म्हणतात. वरकसवर नाचणी-वरी निघायची, ती जमीन काही वर्षं पडीक टाकायची, आणि तिच्यावरचं गवत-पाला-डहाळ्या आणून भाताच्या रोपवाटिकेची जागा भाजायची. हा राब. म्हणजे वरच्या जमिनीचं गवत हे खालच्या भातशेतीचा अर्धा भाग होतं. सरकारी हिशेबात मात्र वरकसचा आकार सगळ्यात कमी. जवळजवळ निरुपयोगी जमीन.

१८७८ च्या वन कायद्यानंतर यातली बरीच डोंगरजमीन बंदिस्त झाली. राबासाठी फांद्या तोडायच्या की नाही, गुरं कुठे चारायची, गवत कुणाचं, यावर ठाणे-कुलाबा भागात इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण जवळजवळ याच वादावर उभं आहे, त्यामुळे इथे आवरतं घेते. एरवी ही पोस्ट पाच हजार शब्दांची होईल.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. गवताला मुंबईत भाव मिळायला लागल्यावर जमीनमालकाचं गणित बदललं. भात करायचं तर कूळ हवं, बियाणं हवं, कुळाला खावटी द्यावी लागते, कुळाचा हक्क लागायची भीती असते. गवताला काहीच लागत नाही. पाऊस पडतो, गवत उगवतं, ऑक्टोबरात मजूर लावून कापायचं, गाठी बांधून वॅगनमध्ये भरायचं. म्हणून सावकारीतून, कर्जातून आदिवासींच्या हातून गेलेल्या कित्येक जमिनी गवताखालीच ठेवल्या गेल्या. ज्याची जमीन गेली तोच पुढे तिथलं गवत मजुरीने, नाहीतर वेठीने कापायला जाऊ लागला.

१९३५ मध्ये ब्लॅटर आणि मॅककॅन यांचं 'द बॉम्बे ग्रासेस' हे पुस्तक निघालं. ब्लॅटर हे सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट, पुस्तक यायच्या आदल्या वर्षी वारले. मुंबई इलाख्यातल्या गवतांची ओळख पटवायला आजही ते उघडावं लागतं. फुलोऱ्याचा प्रत्येक भाग, प्रत्येक कुसळ त्यात मोजलंय. ते वनस्पतिशास्त्राचं पुस्तक आहे, त्यामुळे गवत कापणाऱ्यांचा विषय त्यात यायचं कारण नव्हतंच. तो विषय दहा वर्षांनी आला, दुसऱ्या वाटेने.

७ जानेवारी १९४५ ला महाराष्ट्राच्या किसान सभेचं अधिवेशन टिटवाळ्याला भरलं. हो, आपलं गणपतीचं टिटवाळा, कल्याण तालुक्यातलं. त्याला उंबरगाव तालुक्यातले काही वारली आले होते, माया धांगडा त्यांच्यात होते. त्यानंतर गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्या भागात गेले. मे महिन्यात झरीला वारल्यांची सभा झाली, वेठ करायची नाही असं ठरलं. आणि मग पाऊस संपला, गवत उभं राहिलं, आणि संप झाला. मागणी एका ओळीची होती: पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये.

पाचशे पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. वर सांगितलेल्या हिशेबाने तीसेक घोड्यांचा एका दिवसाचा चारा. विळ्याने, वाकून, कुसळं अंगात टोचत असताना.

संपाची वेळ अचूक होती, आणि ती गवताच्या स्वभावामुळे अचूक होती. आपल्याकडची डोंगरगवतं सप्टेंबरात फुलोऱ्यावर येतात. दसऱ्याच्या आसपास कापली तर त्यांच्यात कस असतो. दिवाळीनंतर ती पिवळी पडतात, बी झडतं, कुसळं सुटतात, जनावर तोंड लावत नाही, आणि मग वणवा सगळं नेतो. म्हणजे व्यापाऱ्याच्या हातात जेमतेम काही आठवडे. त्या आठवड्यांत विळे थांबले की वर्षाचं उत्पन्न उभ्या-उभ्या वाळतं. भाताच्या कापणीची गडबडही तेव्हाच. शेतमजुराची घासाघीस करायची ताकद वर्षात एकदा शिखरावर असते, आणि ती याच दिवसांत.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच वारली मारले गेले. गोदावरीबाईंना धोका आहे, सगळे जमा अशी खोटी हूल उठवून लोकांना तिथे गोळा करण्यात आलं, आणि पोलिसांना सांगण्यात आलं की हे हल्ला करायला जमलेत. असं चळवळीच्या बाजूचं कथन आहे. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हे सगळं सविस्तर आहे. त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि मराठी वाचकाने गवताबद्दल एकच पुस्तक वाचायचं ठरवलं तर मी हेच सांगेन. संप मोडला नाही. बहुतेक मालकांना तो दर मान्य करावा लागला. पुढच्या हंगामात संघर्ष पुन्हा पेटला.

याच पट्ट्यात, थोडं उत्तरेला पारडी तालुक्यात, १ सप्टेंबर १९५३ ला समाजवाद्यांनी सत्याग्रह सुरू केला. मागणी ही की गवताखाली ठेवलेली जमीन अन्नधान्य पिकवायला द्या. मोठ्या मालकांच्या गवतजमिनीत शिरून नांगर धरायचा, अटक व्हायची. ईश्वरभाई देसाई त्याचे पुढारी, अशोक मेहताही होते. म्हणजे आठ वर्षांत प्रश्न मजुरीवरून थेट जमिनीवर आला: इथे गवत का आहे, धान्य का नाही?

हे सगळं बाल्कनीतल्या कुंडीशी कसं जोडलंय? तर कॅलेंडरने.

इंटरनेटवर शोभेच्या गवताची जी माहिती मिळते ती थंड देशांची असते. 'हिवाळाअखेर छाटा, वसंतात फुटवे येतील.' ठाण्यात वसंतात फुटवे येत नाहीत, जूनमध्ये येतात. इथे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. इथलं गवत याच लयीत घडलंय, आणि तुम्हाला काळजी कशी घ्यायची हे जाणायचं असेल तर कापणीचंच वेळापत्रक बघा. फक्त एक उलटफेर करा. गवतवाल्या व्यापाऱ्याला जे नको होतं, म्हणजे पिकून सोनेरी झालेले, बी धरलेले तुरे, तेच बागवाल्याला हवं असतं. त्यामुळे तुम्ही दसऱ्याला कापू नका. जानेवारीपर्यंत तुरे बघा, मग जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. मे महिनाभर ठोंब जिवंत राहण्यापुरतं पाणी. पहिल्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की ठोंब उपटून, कोयत्याने किंवा फावड्याने फोडून, वेगळे लावा. गवती चहा तर दर दोन-तीन वर्षांनी फोडलाच पाहिजे, नाहीतर मधोमध वाळतो आणि फक्त कडेने पाती येत राहतात.

फाउंटन ग्रास कुजतं ते पावसाने नाही, पाणी साचल्याने. ते मूळचं आफ्रिकेच्या कोरड्या भागातलं. कुंडीत निम्मी माती काढून वाळू-विटांचा चुरा घाला, कुंडी विटांवर उचलून ठेवा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये निदान कडेच्या पागोळ्या तिच्यावर पडणार नाहीत असं बघा. खत घालू नका; खत घातलं की पात्यांचं रान होतं आणि झाड आडवं पडतं. जांभळ्या जातीला बी सहसा धरत नाही, ते ठीक. हिरव्या जातीचं बी मात्र वाऱ्याने जातं. हवाईमध्ये या गवताने डोंगरच्या डोंगर व्यापलेत आणि तिथे वणव्यांना खाद्य पुरवलंय. येऊरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी ते लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. येऊरचं स्वतःचं गवत दर उन्हाळ्यात पेटतं तेवढं पुरे.

पॅम्पासचं उत्तर त्याहून सोपं: नका लावू. ते अर्जेंटिनाच्या मोकळ्या, थंड माळरानाचं गवत आहे. लग्नाच्या सजावटीत जे वाळलेले तुरे दिसतात ते बहुतेक बाहेरून येतात. आणि तुम्हाला पांढरे तुरेच हवे असतील तर सप्टेंबरअखेर उल्हास किंवा काळू नदीच्या काठाने जा. तिथे काश फुललेला असतो, उसाचा सख्खा भाऊ. कुणी लावलेला नाही, कुणी पाणी घालत नाही. (कुंडीत मात्र आणू नका. त्याची मुळं तुमच्याच नाही, खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीलाही पुरतील.)

मला विचाराल तर बाल्कनीसाठी वाळा. चौदा इंची खोल कुंडी, पाच-सहा तास ऊन. मुळं सरळ खाली जातात, आडवी पसरत नाहीत. पाऊस सहन करतो, उन्हाळाही करतो, दोन वर्षांनी कुंडी उलटी केली की माठात घालायला मुळं मिळतात.

अजून एक गवत आहे ज्याचा बाजार मी गेली तीन वर्षं बघतेय. गणपतीच्या आदल्या दिवशी कल्याणच्या फुलबाजारात आणि स्टेशनबाहेर मुरबाड-शहापूरकडच्या बायका दूर्वांच्या जुड्या घेऊन बसतात. पहाटे निवडलेल्या, एकवीस-एकवीसच्या, केळीच्या सोपाने बांधलेल्या. एक जुडी बांधायला किती वेळ लागतो हे मी घड्याळ लावून बघितलंय, आणि मिळणाऱ्या पैशांचा मजुरीशी हिशेबही मांडलाय. तो पुढच्या लेखात येईल, कारण तुलना करायला १९४५ चा दर आहेच. त्या बायकांपैकी काहीजणी एरवी सोसायट्यांच्या बागांत लॉन खुरपायच्या कामावर असतात. म्हणजे आठवडाभर हरळी जुडीत बांधायची, आणि वर्षभर तीच हरळी लॉनमध्ये जपून तिच्यातलं बाकीचं गवत, लव्हाळा, रानटी काय-काय, उपटायचं.

घोडे गेले, पण गवताचा धंदा एकदम संपला नाही. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली, मग मोटारी आल्या, तरी म्हशी होत्याच. १९४९ मध्ये आरे कॉलनी झाली तेव्हा तबेले शहराबाहेर न्यायचे ठरले आणि तिथे पॅरा नावाचं पाणथळ जागेतलं परदेशी गवत लावलं गेलं. कल्याणला दुर्गाडी-गोविंदवाडीच्या बाजूला तबेले अजून आहेत. तिथे आज हिरव्या चाऱ्याचे ट्रक येतात. डोंगरावरच्या गवताला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि गिऱ्हाईक नसलेल्या वरकस जमिनीला दुसरं गिऱ्हाईक मिळालं.

माझं सध्याचं काम तिथेच चालू आहे. ठाणे आणि कल्याण तालुक्यातल्या काही गावांचे जुने सातबारे आणि फेरफार काढतेय. 'वरकस' म्हणून नोंदलेला गट, आकार काही आण्यांचा. मग पोटहिस्से, मग खरेदीखत, मग बिनशेती. आज त्यातल्या काही गटांवर टॉवर आहेत, आणि त्यांच्या जाहिरातीत 'दोन एकर लँडस्केप्ड गार्डन' असतं. लँडस्केपवाल्या कंत्राटदाराकडून मी झाडांची यादी मागून घेतली: सिलेक्शन वन, फाउंटन ग्रास, लिलीच्या दोन जाती, आणि 'नेटिव्ह ग्रास मिक्स'. त्या मिक्समध्ये नेमकी कोणती गवतं आहेत, असं विचारल्यावर त्यांनी नर्सरीवाल्याचा नंबर दिला. नर्सरीवाले म्हणाले, पावसाळ्यात या, मुरबाडच्या डोंगरावरून ठोंब आणतो, माणसं ठरलेली आहेत.

कोण माणसं, ठोंबामागे किती मिळतात, आणि ती डोंगरजमीन कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला मी जूनमध्ये जातेय.